पेशंटला विचारा, कुणाशी बोलायचंय

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरच्या उपचारांसाठी मिरजेत जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून माणसं येतात, कर्नाटकातूनही येतात. केमोच्या सलाईनला तास न् तास बसावं लागतं. तेव्हा शेजारच्या पेशंटशी जे बोलणं होतं, ते घरात होत नाही. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार मीही घेतलेत.

घरचे म्हणतात, "धीर धर, काही होत नाही." मायेनंच म्हणतात. पण एका बाईनं सलाईन चालू असतानाच मला विचारलं, "ताई, केस एकदम जात्यात का हळूहळू?" मी सांगितलं, बऱ्याच जणींचे पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात, मग विंचरताना झुबके हातात येतात, आधीच बारीक कापून घेतलेले बरे. तिनं माझ्या नव्यानं आलेल्या केसांकडं बघितलं आणि विचारलं, "हात लावून बघू का?" बघितलं. दुसरं काही विचारलंच नाही तिनं.

स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांनी 1952 साली हेच काम 'रीच टू रिकव्हरी' या नावानं सुरू केलं: ज्या बाईचं ऑपरेशन झालंय, तिनं नव्या पेशंटला भेटायचं.

पण असा सोबती प्रत्येकाला एकाच तऱ्हेचा हवा असतो, असं धरून चालू नका. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, झालेल्या माणसाला फोनवर बोला म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. जबडा आखडलेला, शब्द फुटत नाहीत. त्याला समोर बसून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून, दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम दाखवणारा माणूस हवा. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी लावलेल्या माणसाला चारचौघांत नको असतं; एकट्यानं, फोनवर, एसटीच्या प्रवासात कसं करायचं ते विचारायचं असतं. पुरुष बहुतेकदा महात्मा फुले योजनेच्या कागदांपासून सुरुवात करतात. भीतीचं बोलणं तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं, त्यांना घाई करू नये. तरुण मुलीला साठीच्या काकूंचा अनुभव पुरत नाही, तिला लग्नाचं, मूल होण्याचं विचारायचं असतं.

आणि कितीतरी जणांना आपल्या गावचा माणूस नकोच असतो. गावभर होईल, मुलीची स्थळं अडतील ही धास्ती असते. ती चुकीची म्हणून झटकू नका. दुसऱ्या तालुक्यातला, अनोळखी माणूस गाठून द्या.

म्हणून माझी कळकळीची विनंती, पेशंटला न विचारता "हे बघ, हे बरे झालेत" म्हणून कुणाला घरी आणू नका. कोण, कधी, किती वेळ, हे त्यालाच ठरवू द्या. "कुणी नको" म्हणाला तर तेही माना. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, आपला अनुभव सांगा, पण औषध सुचवू नका, "मी वाचलो, तूही वाचशील" असं वचन देऊ नका. प्रत्येकाची गाठ वेगळी, तिची स्टेज वेगळी.

एक वेळ मात्र हमखास चुकते. उपचार संपले की घर सुटकेचा श्वास टाकतं, नातेवाइकांचे फोन थांबतात. पेशंटला मात्र पुढच्या तपासणीची धाकधूक तेव्हाच लागते. पाठ दुखली तरी वाटतं, परत आलं का? सुरुवातीला नको म्हणालेल्या माणसालाही त्या दिवसांत पुन्हा एकदा विचारा.

नमस्कार.