नाचणारे कोण, बघणारे कोण?

नमस्कार श्रोतेहो,

नाचाविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवायला काही नाही आणि शब्दांना गिरकी घेता येत नाही. तरी आज बॅलेवर बोलायचं ठरवलंय, कारण या नाचाशी लोकांचं बिनसतं ते तो पाहण्याच्या आधीच. ‘बड्या लोकांची चैन’ असं म्हटलं की आपण मोकळे. मखमली खुर्च्या, झुंबरं, फ्रेंच नावं, तिकिटाचे दर... बघायचं काय त्यात!

या म्हणण्यात खोटं काही नाही. बॅले जन्मला तोच मुळी राजवाड्यात. 1581 साली पॅरिसच्या दरबारात नाच, गाणं, काव्य आणि देखावे एकत्र गुंफलेला एक प्रचंड सोहळा झाला; राजमाता कॅथरीन द मेदिची यांच्या काळातली ही गोष्ट. पुढे 1653 मध्ये चौदावा लुई सूर्याचा सोनेरी वेश करून स्वतः नाचला. तेव्हा तो अवघ्या 14 वर्षांचा होता. राजाच सूर्य, आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरायचं, हे नाचातून सगळ्या सरदारांना सांगून झालं. 1661 मध्ये त्याने नृत्याची शाही अकादमी काढली. पावलांच्या ज्या पाच मूळ स्थिती आजही पहिल्या धड्यात शिकवतात, त्या बसवण्याचं श्रेय त्याचे नृत्यगुरू पिएर बोशां यांना दिलं जातं.

आता जिथे आहात तिथे एक करून बघा. गाडी चालवत असाल तर राहू द्या. उभे राहा, टाचा एकमेकींना चिकटवा आणि पावलं दोन्ही बाजूंना वळवा, जमतील तेवढी. बहुतेकांची पावलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या फार पुढे सुखाने जाणार नाहीत. बॅले शिकणाऱ्यांना ती जवळजवळ एका सरळ रेषेत आणायची असतात, आणि तीही गुडघ्याला पीळ न देता, मांडीच्या खुब्यातून. या उभं राहण्यात दरबारी ऐट आहे. उमरावाने कसं उभं राहावं, पायाची बाजू कशी दाखवावी, याचे तेव्हा शिष्टाचार होते. पण खुब्यातून वळलेला पाय बाजूला कितीतरी उंच जातो, हेही नाचणाऱ्यांच्या लक्षात आलं. ऐट होती तिचं तंत्र झालं.

मग हळूहळू सरदार मंडळी रंगमंचावरून उतरून खुर्चीत जाऊन बसली आणि नाचायला पोटासाठी नाचणारे आले. ही अदलाबदल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘बॅले उच्चभ्रू आहे का’ असं विचारताना आपण खुर्च्यांकडे बघत असतो. रंगमंचाकडे बघितलं तर दुसरंच चित्र दिसतं.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस ऑपेरात नाचणाऱ्या लहान मुलींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. त्यातल्या कितीतरी गरीब घरच्या. देगा या चित्रकार-शिल्पकाराने मेणात केलेली चौदा वर्षांच्या नर्तकीची मूर्ती 1881 मध्ये पॅरिसला मांडली गेली. हनुवटी वर, हात पाठीमागे गुंफलेले, अंगावर खराखुरा झगा. तिच्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएथेम ही एका धोबिणीची मुलगी. पुढच्याच वर्षी तालमींना गैरहजर राहिल्याबद्दल ऑपेराने तिला काढून टाकलं. आणि त्याच इमारतीत वर्षाची वर्गणी भरणारे श्रीमंत पुरुष रंगमंचामागच्या दिवाणखान्यात थेट जाऊ शकत. तिथे कशासाठी जात, ते मी सांगायला नको. देगाच्या चित्रांत ते काळ्या टोप्या घालून विंगेत उभे दिसतात.

रशियातही आना पावलोव्हा ही नामवंत नर्तकी धोबिणीचीच मुलगी. लहानपणी आईने तिला मारिन्स्की थिएटरात ‘स्लीपिंग ब्यूटी’ दाखवलं आणि मुलीने ठरवून टाकलं, हेच करायचं. झारच्या नृत्यशाळेने आधी तिला लहान म्हणून परत पाठवलं आणि 1891 मध्ये घेतलं. तिथला खर्च सरकारी तिजोरीतून होई, म्हणून तर ती शिकू शकली. हीच पावलोव्हा पुढे जगभर नाचत फिरली, उदय शंकर यांच्याबरोबर लंडनमध्ये राधा-कृष्ण नाचली.

क्रांतीनंतर प्रश्न आला, झारचं हे खूळ ठेवायचं की मोडीत काढायचं? मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरवरचा खर्च लेनिन यांच्या डोळ्यांत खुपत होता. शिक्षण आणि संस्कृतीचं खातं सांभाळणारे लुनाचार्स्की मध्ये पडले आणि थिएटर वाचलं. मग त्याच खुर्च्यांवर कामगार आणि सैनिक येऊन बसले. युद्धाच्या काळात उफा या दूरच्या शहरात एका आईने एकाच तिकिटावर आपल्या मुलांना गर्दीतून आत घुसवलं. त्यातला मुलगा होता रुदोल्फ नुरेयेव्ह, पुढे जगप्रसिद्ध झालेला नर्तक. क्यूबात नर्तकी आलिसिया आलोन्सो यांनी 1948 मध्ये काढलेल्या कंपनीला 1959 च्या क्रांतीनंतर सरकारने हात दिला, आणि हवानातल्या एका ट्रकचालकाचा मुलगा, कार्लोस अकोस्ता, लंडनच्या रॉयल बॅलेपर्यंत पोचला. नाच तोच. फरक पडला तो पैसे कोण भरतं आणि आत कोण येऊ शकतं याने.

आत येण्यावरून आठवलं. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वरच्या स्वस्त जागांवर बसणाऱ्यांना बाजूच्या गल्लीतून वेगळा दरवाजा होता. खालच्या महागड्या खुर्च्यांवरच्या मंडळींशी त्यांची गाठच पडू नये अशी सोय. किती जुनी गोष्ट? 1999 मध्ये इमारत नव्याने उघडली, तोवर! ‘आपण इथले नाही’ असं एखाद्याला वाटलं तर तो न्यूनगंड कसा म्हणायचा? इमारतच तसं सांगत होती.

बघणाऱ्यांचं कोडं तरी आता बरंच सुटलंय. कितीतरी ठिकाणी अंगावर काय घालावं याचा नियम राहिलेला नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरात शेकडो माणसं उभ्याच्या स्वस्त तिकिटात बघतात, कठड्याला रुमाल बांधून जागा राखतात. चित्रपटगृहात थेट प्रक्षेपणं होतात, आणि फोनवर तर काय नाही!

नाचणाऱ्यांचं कोडं मात्र अवघड. टोकावर उभं राहायचे बूट बघितलेत? बाहेरून रेशमी सॅटिन, आत कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून केलेलं कडक टोपण. त्यात जादू काही नाही. नर्तकी ते जिन्याच्या पायरीवर आपटते, तळवा वाकवून मऊ करते, फिती स्वतः शिवते, आणि मोठी भूमिका असेल तर एका प्रयोगात त्याचा चोथा होतो. कंपनीत असलात तर कंपनी देते. शिकत असलात तर आईबाप देतात. वर हे बूट पिढ्यान् पिढ्या फिकट गुलाबी, म्हणजे गोऱ्या कातडीला मिळते. सावळ्या आणि काळ्या नर्तकी त्यावर चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन थापत बसायच्या. लंडनच्या एका नामांकित बूटवाल्यांनी तपकिरी रंगाचे बूट बाजारात आणले ते 2018 मध्ये. न्यूयॉर्कमध्ये आर्थर मिचेल यांनी 1969 मध्ये ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ काढलं होतं, म्हणजे काळे नर्तक नव्हते असं नव्हे. बूटच नव्हते! तेव्हा उच्चभ्रूपणा शोधायचाच असेल तर आता प्रेक्षकांत कमी, शिकवणीच्या वर्गात जास्त सापडेल, असं माझं मत.

बरं, आत तर आलो. आता आवडायचं कसं?

पहिली भीती असते ‘आपल्याला कळेल का’ ही. ‘जिझेल’ घ्या, 1841 चं. खेड्यातली एक पोरगी एका तरुणावर जीव लावते. तो निघतो सरदार, वेश पालटून आलेला, आणि वर त्याचं लग्न ठरलेलं. हे कळायला कसली विद्या लागते? त्यात एक जागा आहे. शिकारीला आलेली बडी मंडळी गावात थांबतात. त्यात सरदाराची वाग्दत्त वधूही असते. जिझेल दबकत तिच्या मागे जाते आणि तिच्या झग्याच्या काठाला हात लावून बघते, कापड किती मऊ आहे ते. ती बाई वळते, पोरगी दचकते. ‘तू काय करतेस?’ असं विचारल्यावर जिझेल हातांनीच शिवण-विणकामाची खूण करते. दोघींचं एकाच माणसाशी जुळलंय, हे दोघींनाही ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. उच्चभ्रूपणावर याहून नेमकं बोललेलं मला आठवत नाही, आणि ते बॅलेच बोलतो, एकही शब्द न उच्चारता.

हातांच्या खुणा चार-पाच माहीत असल्या की पुष्कळ झालं. डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की नाच. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. दोन बोटं वर केली की शपथ, आणि ज्याने ती घेतली तो ती मोडणार हे नक्की समजा. मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी खाली नेल्या की मरण.

दुसरं म्हणजे, अख्खा बॅले एका बैठकीत गिळायला जाऊ नका. दरबारातल्या मेजवानीचे प्रसंग कधीकधी रटाळ असतात, मलाही जांभया येतात. छोटा तुकडा घ्या. ‘स्वान लेक’मधल्या चार लहान हंसिणी: चौघी हात आडवे गुंफून उभ्या, कुणाला हात सोडून तोल सावरायची सोय नाही, आणि चार मानांनी एकाच ठोक्याला वळायचं. दोन मिनिटांचाही मामला नाही. पहिल्यांदा गंमत म्हणून बघा. दुसऱ्यांदा फक्त पावलं. तिसऱ्यांदा फक्त माना.

किंवा त्याच बॅलेतल्या काळ्या हंसिणीच्या 32 गिरक्या, एका पायावर. 1895 मध्ये पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या घेतल्या, तेव्हापासून लोक मनातल्या मनात मोजत बसतात. मोजू नका. चेहरा बघा. अंग वळायला लागलं तरी डोळे समोरच्या एका बिंदूवर रोखलेले. अगदी शेवटच्या क्षणी मान झटक्यात फिरते आणि अंगाच्या आधी परत जागेवर येते. त्यामुळे चक्कर आटोक्यात राहते. हे एकदा दिसलं की गिरकी ही नुसती गिरकी राहत नाही.

उलट ‘ला बायादेर’ या बॅलेत कसरत जवळपास नाहीच अशी एक जागा आहे. गोष्ट हिंदुस्थानातल्या देवदासीची, बसवली पीटर्सबर्गात मारियुस पेतिपा यांनी 1877 मध्ये, आणि त्यातला हिंदुस्थान आपल्याला ओळखू येणार नाही, हसू येईल. पण छायांच्या प्रसंगात उतारावरून पांढऱ्या वेशातली एक नर्तकी येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मग मागे कलते, दोन पावलं चालते. तिच्यामागे दुसरी, तेच. मग तिसरी. कुठे 24, कुठे 32 जणी. आठवीपर्यंत कंटाळा येतो. पुढे केव्हातरी तो जातो आणि आपला श्वास त्या झुकण्याबरोबर चालायला लागतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

रेडिओवर हे दाखवता येत नाही, पण ऐकवता येतं. संगीतकार चायकोव्स्कींनी ‘नटक्रॅकर’ या बॅलेसाठी पॅरिसहून सेलेस्टा नावाचं एक नवं वाद्य मागवलं होतं. दिसायला छोट्या पियानोसारखं, आत पोलादी पट्ट्या. दुसरे संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांना सुगावा लागला तर ते आधी वापरतील, म्हणून कुणाला दाखवू नका, असं प्रकाशकाला बजावलं होतं. 1892 मध्ये शुगर प्लम परीच्या नाचात ते वाजलं. तोच तुकडा आता लावतोय. सुरुवातीला तंतुवाद्यांची टकटक येईल, तिच्यापाठोपाठ सेलेस्टा.