डेम्लो स्टेशनची संख्या

फळ्यावरची ही संख्या मागच्या रांगेपर्यंत दिसतेय ना? १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. नऊपर्यंत चढते आणि आल्या वाटेनं उतरते. व्हॉट्सअ‍ॅपवर ही 'गणिताचा चमत्कार' म्हणून फिरते तेव्हा माझं डोकं फिरतं. चमत्कार कसला, हा साधा उभा गुणाकार आहे.

१११ गुणिले १११ मांडा. १११ च्याच तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून उभ्या बेरजा करा: एक, दोन, तीन, दोन, एक. झाले १२३२१. तीनऐवजी नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ चा वर्ग केलात की फळ्यावरची संख्या येते. मधल्या घरात नऊ जमतात, हातचा कुठेच येत नाही, म्हणून जिना शाबूत. दहा वेळा एक लिहिलेत की मध्ये दहा होतात. हातचा शेजारच्या नवावर, त्याचेही दहा, पुढचा हातचा आठावर. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला!

अशा संख्यांचा अभ्यास केला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. 'कापरेकर स्थिरांक' म्हणून गाजलेल्या ६१७४ वाले कापरेकर; जन्म १९०५ चा, डहाणूचा, नोकरी देवळालीत शाळामास्तरची. कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डेम्लो स्टेशनात, म्हणून नाव दिलं 'डेम्लो संख्या'. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. (तिथं आता सकाळी पाय ठेवायला जागा नसते, संख्या कुठून सुचणार!) अशा संख्येत दोन्ही टोकांची बेरीज केली की मधलाच अंक मिळतो. २५५३ घ्या: दोन्ही टोकांची बेरीज, दोन अधिक तीन, मधला पाच. आपल्या संख्येतही मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, नुसते नऊच नऊ.

मला स्वतःला मात्र तिच्या चेहऱ्यापेक्षा पोटात काय आहे ते जास्त आवडतं. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्यात ३ आणि ३७, दुसऱ्यात ३ आणि ३३३६६७. हा शेवटचा मूळ संख्या आहे, आणखी फुटत नाही. वर्ग करताना सगळे दुप्पट: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजकात ३ शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच पर्याय; बाकी दोघांचे तीन-तीन. म्हणून विभाजक पाच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. विभाजकांची अशी विषम संख्या फक्त वर्गसंख्येलाच मिळते, कारण बाकी विभाजकांना जोडीदार असतो, वर्गमूळ स्वतःचंच जोडीदार.

आता अंकांची बेरीज करा: ८१. त्यानंच संख्येला गुणा. ८१ हा नवाचा वर्ग, तेव्हा उत्तर ९९९९९९९९९ चा वर्ग: ९९९९९९९९८००००००००१.

४५ चा वर्ग २०२५; वीस अधिक पंचवीस, पुन्हा ४५. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. आत्ताच्या उत्तराचे अठरा अंक बरोबर मधोमध कापा. डावीकडे ९९९९९९९९८, उजवीकडे आठ शून्यं आणि एक. करा बेरीज.