पांढरे मोजे आणि दोन कवट्या

श्रोतेहो, नमस्कार.

१ मे १७६१. व्हिएन्नात एकोणतीस वर्षांच्या एका संगीतकाराने नोकरीच्या करारावर सही केली. कलमं चौदा. त्याने पांढरे मोजे घालावेत, केसांना पावडर लावावी, रोज दुपारच्या आधी आणि नंतर सरकारांच्या दालनाबाहेर उभं राहून ‘आज संगीत हवं का?’ म्हणून विचारावं. आणि जे रचेल ते सरकारांचं. त्याची नक्कल बाहेर कुणाला द्यायची नाही.

हा जोसेफ हायडन. रोराउ गावात गाड्यांची चाकं करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याला पदरी ठेवणारं घराणं एस्टरहाझींचं. हंगेरीतले कितीतरी सरदार प्रोटेस्टंट असताना हे कट्टर कॅथलिक म्हणून व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याचं फळ म्हणून जमिनी आणि मानमरातब दोन्ही वाढत गेले. १६८७ मध्ये पॉल एस्टरहाझींना प्रिन्सची पदवी मिळाली. हे स्वतः भजनं रचत, म्हणजे आपण भजनं म्हणू अशी चर्चमधली गीतं. घराण्याचं मुख्य ठाणं असलेल्या आयझेनश्टाटला त्यांनी येशूच्या वधस्तंभाच्या वाटेचा एक कृत्रिम डोंगरच उभारला. तो डोंगर लक्षात ठेवा, शेवटी तिथेच जायचं आहे.

हायडनही भाविक होता. आपण पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो, तसं तो हस्तलिखिताच्या सुरुवातीला ‘प्रभूच्या नावाने’ असं लॅटिनमध्ये लिही आणि शेवटी ‘देवाची स्तुती असो’. पण या घरात त्याला पहिली पाच वर्षं देवासाठी लिहायलाच मिळालं नाही. चर्चचं संगीत दरबारच्या जुन्या संगीतप्रमुखाकडे, म्हाताऱ्या वेर्नरकडे होतं. त्याने १७६५ मध्ये सरकारांकडे हायडनच्या ढिलाईची तक्रारही केली. वेर्नर १७६६ मध्ये गेला, तेव्हा कुठे सारी सूत्रं हायडनकडे आली.

तोवर मालक बदलले होते. नवे प्रिन्स निकोलाउस ‘बॅरिटोन’ नावाचं वाद्य वाजवत. गजाने वाजवायचं, आणि मागच्या बाजूला सारंगीसारख्या तरफा. फरक इतकाच की त्या तरफा अंगठ्याने छेडायच्याही. सरकारांना छंद, म्हणून हायडनने या वाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिवाद्य रचना लिहिल्या. आज ते वाद्य वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला तरी त्या रचना म्हणजे फार सुंदर हातांनी भरलेला शेतसारा वाटतो.

निकोलाउसनी दलदलीच्या मुलखात एस्टरहाझा हा राजवाडा बांधला. वादकांची बायकामुलं तिकडे आयझेनश्टाटला, आणि सरकारांचा मुक्काम काही हलेना. १७७२ मध्ये हायडनने एक सिंफनी लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक आपली मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. उरतात दोन व्हायोलिनं. सरकार समजले. मागणं मांडायची ही रीत दरबारातच शिकता येते.

१७९० च्या जूनमध्ये याच राजवाड्यातून त्याने एका मैत्रिणीला लिहिलं की सतत गुलाम असणं दुःखाचं आहे, पण ईश्वराची इच्छा. त्याच सप्टेंबरात निकोलाउस वारले. वारसाने वाद्यवृंद जवळजवळ मोडीत काढला, हायडनला पेन्शन आणि हुद्दा ठेवला. १७९१ च्या पहिल्याच दिवशी तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. लंडनने त्याला डोक्यावर घेतलं.

आणि तरी तो परतला! पुढच्या प्रिन्सची मागणी बेताची होती: पत्नी मारिया हेर्मेनेगिल्ड यांच्या नामदिनासाठी, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या सणासाठी, दरवर्षी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं संगीत. सप्टेंबरात, मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास. वांद्र्याला माउलीची जत्रा भरते ना, त्याच दिवसांत. १७९६ ते १८०२ या काळात त्याने अशा सहा मिस्सा लिहिल्या. बॅरिटोनच्या रचना आणि या मिस्सा एकाच घराच्या हुकमाने झाल्या, यावर विश्वास बसत नाही. इथे तो सारा भरत नाहीये. १८०८ मध्ये थकलेल्या हायडनला खुर्चीत बसवून एका मैफलीला आणलं, तेव्हा त्याला थंडी वाजू नये म्हणून याच मारिया हेर्मेनेगिल्ड यांनी आपली शाल त्याच्या अंगावर घातली. पांढऱ्या मोज्यांच्या कलमापासून या शालीपर्यंत सत्तेचाळीस वर्षं गेली होती.

३१ मे १८०९ रोजी तो वारला. व्हिएन्ना तेव्हा नेपोलियनच्या ताब्यात. दफन साधेपणाने उरकलं. १८२० मध्ये प्रिन्सनी त्याचे अवशेष आयझेनश्टाटला न्यायचं ठरवलं. शवपेटी उघडली, तर आत केसांचा टोप, खाली डोकंच नाही. कवटीवरून प्रतिभा मोजता येते असं मानणाऱ्या दोघांनी थडगं खणणाऱ्याला पैसे चारून ती पळवली होती. त्यातला एक, रोझेनबाउम, एस्टरहाझींचाच जुना नोकर. झडती आली तेव्हा कवटी बायकोच्या गादीत लपवली आणि ती आजारी म्हणून वर पडून राहिली. प्रिन्सच्या हाती शेवटी भलतीच कवटी टेकवली, आणि तीच धडासोबत पुरली गेली.

खरी कवटी पुढे व्हिएन्नाच्या संगीतप्रेमींच्या संस्थेकडे गेली आणि १९५४ मध्ये आयझेनश्टाटला आली. वधस्तंभाच्या वाटेच्या त्या डोंगरालगतच्या चर्चमध्ये, एस्टरहाझींनी बांधलेल्या समाधीत ती धडाशेजारी ठेवली. जुनी मात्र कुणी बाहेर काढली नाही. त्यामुळे तिथे आज हायडनसोबत एक अनोळखी इसमही एस्टरहाझींचा पाहुणा आहे.