रोपं वाढतात वाफशावर

नमस्कार. मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू आहे, मृग दहा-बारा दिवसांवर आला आहे. वांगी, मिरची, टोमॅटोचं रोप घरी टाकायचं असेल तर हेच दिवस. म्हणून आज मी बागेतल्या इतर कामांबद्दल बोलणार नाही. बी पडल्यापासून रोप कुंडीत जाईपर्यंतचा महिना-सव्वा महिना, तेवढंच.

माझ्या पहिल्या वर्षीचं सांगते. चहाच्या चाळीस कागदी कपांत टोमॅटो लावले होते. सहाव्या दिवशी कोंब वर आले आणि घरभर आनंद झाला. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, शिवाय जाता-येता थोडं थोडं. बाराव्या दिवशी सकाळी बघते तर निम्म्याहून जास्त रोपं आडवी. पानं हिरवीगार, कीड कुठेही नाही. एक रोप उचलून डोळ्यांजवळ धरलं. मातीला टेकतो त्या जागी देठ दोऱ्याएवढा बारीक झालेला, तपकिरी, ओलसर. चिमटीत धरला तर तिथूनच तुटला. मला वाटलं, उन्हाने झालं असेल, पाणी कमी पडलं असेल. उरलेल्या रोपांना आणखी पाणी घातलं. आठवड्यात तीही गेली.

याला शेतकरी ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात, कुणी ‘मर’ म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे हे होतं. त्या मातीत असतातच. कायमची ओल, रोपांची दाटी आणि कोंदट हवा मिळाली की कोवळ्या देठात शिरतात. एकदा रोप आडवं झालं की ते वाचत नाही.

आपल्याकडे शेतात यावरचं उत्तर एका शब्दात आहे: वाफसा. पाऊस उघडला की लगेच कुणी पेरायला धावत नाही. जमीन वाफशावर यायची वाट बघतात. मातीचे कण ओले, पण कणांमधल्या फटींतलं पाणी निथळून तिथे हवा आलेली, हा वाफसा. कोरडं बी जवळजवळ झोपलेलं असतं. पाणी पिऊन फुगलं की आतला साठा वापरायला लागतं आणि त्याचा श्वास एकदम वाढतो. त्या वेळी त्याला ओल हवी आणि हवाही हवी. चिखलात पडलेलं बी गुदमरतं आणि कुजतं. आपण म्हणतो, दुकानदाराने जुनं बी दिलं. कधी कधी ते खरंही असतं, पण माझ्या अनुभवात घरी बी न उगवण्याचं पहिलं कारण जास्तीचं पाणी हेच आहे.

तेव्हा कुंडीतली नुसती माती रोपांसाठी घेऊ नका, ती पाण्याने दबून घट्ट बसते. मी निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत घेते. कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी पिळून टाकायचं, पुन्हा भिजवून पुन्हा पिळायचं. नारळाच्या सोडणातच क्षार असतात. ते धुतले नाहीत तर कोवळ्या मुळांना बाधतात. भांडं कुठलंही चालेल. दह्याचा डबा, कागदी कप, करवंटी, काहीही घ्या, पण तळाला भोक पाहिजेच.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. टोमॅटोचं बी एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बसतं, इतकं हलकं. ते बोटभर खोल गेलं तर वर येईपर्यंत त्याची शिदोरी संपते. वर चिमूटभर मिश्रण भुरभुरवलं तरी पुरे. पाकिटावर उगवणक्षमता आणि चाचणीची तारीख छापलेली असते, ती वाचा. आपल्याकडच्या प्रमाणकांत टोमॅटो आणि वांग्याच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, मिरचीला ६० टक्के. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतल्या चार उगवल्या नाहीत तरी बियाणं नियमात बसतं. तेव्हा मिरचीच्या एका कपात दोन बिया टाका. दोन्ही उगवल्या तर एक रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. मिरचीला धीरही जास्त लागतो. टोमॅटो पाच-सात दिवसांत दिसतो, मिरची आठ-बारा दिवस घेते. सातव्या दिवशी माती उकरून बघणारे बरेच आहेत. कृपा करून उकरू नका.

गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी मिळालं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा.

सध्या ऊन कडक आहे, म्हणून कप सावलीत ठेवा, वरून ओलं गोणपाट झाका. पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. ‘सगळी उगवू देत, मग काढू’ म्हणून दोन दिवस गेले की रोपं अंधारात उजेड शोधत वर ताणतात. पांढुरकी, लांबट, लेचीपेची. पुढे कितीही खत दिलं तरी ती काटक होत नाहीत. कोवळं सकाळचं ऊन द्या. पाऊस सुरू झाला की मात्र छपराखाली घ्या, टपोरे थेंब एका सरीत रोपं झोपवतात.

आणि पाणी खालून द्या. ताटात बोटभर पाणी घालून कप त्यात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत वरची माती गडद झाली की कप उचलून निथळायला ठेवा. देठाभोवतीचा भाग लवकर सुकतो, बुरशीला जागा मिळत नाही. पुन्हा पाणी कधी? कप हातात घेऊन हलका लागला तर.

भेंडी, गवार, मुळा, मेथी यांचं रोप करत बसू नका, जागेवरच टोका. मुळ्या-गाजराची तर मूळ हीच भाजी, ती हलवली की वाकडी होते. कोथिंबिरीसाठी धणे चपलेखाली किंवा लाटण्याने रगडा. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या होतात.

घरचं बी धरायचं असेल तर संकरित वाण घेऊ नका. त्याच्या बीपासून पुढच्या पिढीत तसंच फळ येईल असं नसतं. गावठी टोमॅटो झाडावरच पूर्ण पिकू द्या. आतला गर बियांसकट वाटीत काढून दोन दिवस ठेवा. वास येतो, वर साय धरल्यासारखा थर येतो, येऊ द्या. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते या आंबण्याने सुटतं. मग पाण्यात खळबळा; भरलेलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. ताटलीवर सावलीत वाळवा, कागदावर चिकटून बसतं. माझी आजी भोपळ्याच्या बिया शेणात घालून भिंतीला थापायची आणि वालाचं बी राखेत ठेवायची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरांतलं गावरान बी गोळा करून जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला आजीच्या त्या भिंतीची आठवण झाली. आपल्याकडे बी विकत आणायची गोष्ट नव्हती. ते घरात असायचं, आणि लेकीबरोबर तिच्या सासरी जायचं.

टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत, वांग्याचं ३० ते ३५, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतं. लावायच्या आधी आठवडाभर पाणी थोडं तोडा आणि ऊन रोज थोडं वाढवा. लावणी संध्याकाळी करा.

या टेबलावर तीन घमेली आहेत. तिन्हींत तेच मिश्रण आहे, पाणी वेगवेगळं घातलंय. एकेक जण पुढे या, प्रत्येकातलं मूठभर घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून पाणी निघालं तर चिखल. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कोरडं. गोळा झाला, आणि अंगठ्याने हलकं ढकलल्यावर तो फुटला, तर ते घमेलं कुठलं आहे ते मला सांगा.