पाहुणा सचिन, यजमान हैदराबाद

पत्रिकेत विषय छापलाय ‘फ्रँचायझी क्रिकेटचं अर्थकारण’, म्हणजे आयपीएलसारख्या स्पर्धेत मालकांनी विकत घेतलेल्या संघांचा पैसा. पुढच्या रांगेतले दोघे हिशेबाची वही काढून बसलेत, त्यांनी जरा दम धरावा. अर्थकारणाला येतोच, पण त्याआधी आपल्या नवी मुंबईतल्या नेरुळला जाऊन येऊ.

मार्च 2010, आयपीएलचा मोसम. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई इंडियन्सची मॅच. आपल्याला वाटणार, घरचीच. नाही! यजमान होते डेक्कन चार्जर्स, म्हणजे हैदराबाद. तेलंगणा आंदोलनामुळे त्यांना त्या मोसमात हैदराबादेत खेळता येईना, म्हणून त्यांचे घरचे सामने नागपूर, कटक आणि आपल्या नेरुळात वाटले गेले. आदल्या वर्षीचे विजेते, आणि राहायला हार्बर लाइनवर! (हशा) लीव्ह अँड लायसन्सवर, अकरा महिन्यांचा करारही नाही.

आता गंमत पाहा. पाहुणा कोण? सचिन तेंडुलकर. आणि यजमानांकडून कोण खेळतोय? बोरिवलीचा रोहित शर्मा. लोकांनी करायचं काय? माझे साडू ठाण्याहून आले होते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभं राहून आल्यामुळे आधीच तापलेले. ठाणेकरांना नेरुळ परदेश वाटतो, हे तुम्हाला माहीत आहेच. ते रोहितच्या नावाने ओरडायला लागले, तर मागचा एक मुलगा म्हणाला, “काका, तुम्ही हैदराबादचे का?” साडू भडकले. जन्म गेला नौपाड्यात! त्यात मुंबईच्या हरभजनने 18 चेंडूंत नाबाद 49 झोडल्या, आणि यजमान संघ हरत असताना स्टेडियम आनंदाने नाचत होतं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हा.

बरं, हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. 2011 मध्ये पुणे वॉरियर्स आले. गहुंजेचं मैदान तयार नव्हतं, म्हणून पुण्याचा संघ ‘घरी’ खेळला नेरुळात. पुणेकर दुसऱ्याच्या घरात राहिले आणि सूचना न लावता राहिले, ही नोंद इतिहासाने घ्यायला हवी. (टाळ्या) इथे कुणी पुण्याचं नाही ना? मागे एक हात वर आहे. असू द्या.

माझी तक्रार साधी आहे. आयपीएलची 2008 ची पहिली फायनल इथे, 2010 ची इथे, महिला प्रीमियर लीगची पहिली मॅच 4 मार्च 2023 ला इथे. ट्रॅफिक आमचा, लोकलची गर्दी आमची, आणि संघाच्या नावात नवी मुंबई कधीच नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग पळतच सांगतो.

संघ असा घर बदलू शकतो, कारण त्याचं पोट गावावर चालत नाही. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. त्यातला मोठा वाटा सगळ्या संघांत वाटला जातो. मैदान भरलं काय, रिकामं काय, तो येतोच. तिकिटांचे पैसे मिळतात, पण ते वरचे. खर्चालाही सगळ्यांना एकच मर्यादा. 2025 च्या मोसमासाठी संघ बांधायला प्रत्येकाला 120 कोटी, मग मुंबई असो की लखनौ. म्हणजे मोठ्या शहराने जास्त गर्दी जमवली तरी त्याच्या संघाला जास्त खेळाडू विकत घेता येत नाहीत.

सुरुवातीला गावाशी गाठ बांधायचा प्रयत्न झाला. 2008 मध्ये सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग, युवराज हे ‘आयकॉन’ होते. खेळाडूंच्या लिलावात न जाता आपापल्या गावच्या संघात, आणि पगार संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा 15 टक्के जास्त. हैदराबादच्या लक्ष्मणने मात्र ते पद सोडलं, संघाकडे लिलावाला पैसे उरावेत म्हणून. म्हणजे गावचं नातं महाग पडतं, हे हैदराबादेत पहिल्याच वर्षी कळलं होतं. पुढे 2012 मध्ये चार्जर्स बंद झाले, 2013 नंतर वॉरियर्सही गेले. नेरुळ तिथेच आहे.

दुसरी चिठ्ठी. लिलावाचं गणित राहिलंच, वहीवाल्यांनी माफ करावं. प्रश्न विचारा, फक्त ‘पास मिळतील का’ हा सोडून.