कोलोबेंगचे श्रोते

मित्रहो,

परदेशातल्या खेड्यापाड्यांत जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणाऱ्या मिशनऱ्यांच्या आठवणी आपण बहुधा उपदेशकाच्या बाजूने वाचतो. त्याने कोणत्या हालअपेष्टा सोसल्या आणि किती जणांना बाप्तिस्मा दिला, एवढ्यावर आपले कुतूहल भागते. मला आज बोलायचे आहे ते त्याच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांविषयी. कारण जिथे श्रोता उलट प्रश्न विचारतो आणि उपदेशकाला धड उत्तर सुचत नाही, तीच या लेखनातली सर्वांत जिवंत पाने आहेत, असे माझे मत आहे.

त्यासाठी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे उदाहरण घेऊ. जग त्याला आफ्रिकेचा संशोधक म्हणून ओळखते, पण १८४१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान येथे पोहोचला तो लंडन मिशनरी सोसायटीचा प्रचारक आणि डॉक्टर म्हणून. तिथे त्याच सोसायटीचा ज्येष्ठ प्रचारक रॉबर्ट मोफॅट वीसेक वर्षे तळ ठोकून होता. प्रवचन चालू असताना घोरणारे, हसणारे आणि संधी मिळताच मिशनची अवजारे लांबवणारे लोक त्याने पाहिले होते. पहिले बाप्तिस्मे व्हायला १८२९ साल उजाडले. याच मोफॅटच्या मुलीशी, मेरीशी, लिव्हिंग्स्टनने १८४५ मध्ये लग्न केले आणि उत्तरेला बक्वेना जमातीच्या लोकांत बिऱ्हाड थाटले. १८४७ पासून त्याचे ठाणे कोलोबेंग नदीकाठी होते. हा भाग आज बोत्स्वाना देशात येतो.

बक्वेनांचा प्रमुख सेचेले हा विलक्षण बुद्धीचा माणूस होता. त्याने मुळाक्षरे पहिल्याच दिवशी आत्मसात केली आणि पुढे बायबल वाचताना तो यशया संदेष्ट्यावर लुब्ध झाला. या माणसाला बोलावे कसे ते कळत होते, अशी दाद तो देई. जगाच्या शेवटी देव सर्वांचा न्याय करील, या अंतिम न्यायाविषयीचे पहिले प्रवचन ऐकताच त्याने विचारले की, तुमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते काय? होते, असे उत्तर मिळाल्यावर त्याचा पुढचा प्रश्न असा होता : माझे पूर्वजही त्याच काळात जगत होते, मग एवढ्या भयंकर गोष्टीचा निरोप त्यांना कोणीच कसा धाडला नाही? मिशनच्या साऱ्या कार्याला विचारलेला इतका सरळ प्रश्न माझ्या वाचनात दुसरा नाही. याच सेचेलेने एकदा मदतीचा प्रस्तावही मांडला. नुसत्या बोलण्याने ही माणसे विश्वास ठेवणार नाहीत. तुम्ही म्हणत असाल तर गेंड्याच्या कातड्याचे चाबूक घेऊन आम्ही सगळ्यांना एकदम विश्वास ठेवायला लावतो! लिव्हिंग्स्टनने अर्थातच नकार दिला.

पण कोलोबेंगला खरा वाद झाला तो पावसावरून. ठाणे वसले आणि पाठोपाठ सलग काही वर्षे अवर्षण पडले. लिव्हिंग्स्टनच्या सल्ल्याने नदीचे पाणी पाटाने शेतांत आणले होते, मात्र नदीच इतकी आटली की मेलेले मासे खायला आसपासचे सारे तरस जमले, तरी त्यांना ते संपेनात. सेचेले स्वतः नामांकित पर्जन्यवैद्य, म्हणजे औषधे आणि विधींनी पाऊस पाडणारा, होता आणि नव्या धर्माखातर त्याने ती विद्या सोडली होती. लोकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली, यात मला तरी अडाणीपणा दिसत नाही. सेचेलेच्या चुलत्याने लिव्हिंग्स्टनला प्रेमाने सांगितले की, तू आम्हाला आमच्यातलाच वाटतोस, फक्त हे सततचे प्रवचन आणि प्रार्थना तेवढी थांबव. जे प्रार्थना करत नाहीत त्यांच्याकडे भरपूर पाऊस पडतो. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात लिव्हिंग्स्टनने एका पर्जन्यवैद्याशी झालेला संवादही दिला आहे. वैद्याचे म्हणणे असे : तुम्ही औषध देता, रोगी कधी बरा होतो, कधी दगावतो, बरे करणारा देवच, असे तुम्हीही म्हणता, म्हणून औषध देणे सोडता काय? मीही देवाकडेच पाऊस मागतो, माझ्या औषधांनी. लिव्हिंग्स्टनने हा संवाद वैद्याची बाजू न दुबळी करता छापला, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. आपल्या युक्तिवादाने अशा एकाचेही मन वळल्याचे त्याने पाहिले नाही.

ऑक्टोबर १८४८ मध्ये सेचेलेचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी, एकच पत्नी असावी या अटीप्रमाणे, त्याने एक पत्नी ठेवून बाकीच्यांना नवे कपडे देऊन माहेरी पाठवले होते. त्यांच्यापैकी काही जणी लिव्हिंग्स्टनच्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनी होत्या. त्यामुळे एका अटीने उत्तम शिष्याही गेल्या आणि त्यांचे नातलगही विरोधात गेले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृतांच्या मेंदूचा काढा पाजतात, अशी अफवा पसरली होती. प्रत्यक्षात नुसते पाणी वापरलेले पाहून जमलेले लोक चकित झाले, आणि आपला प्रमुख हातचा गेला म्हणून काही वृद्ध रडले. पुढच्याच वर्षी पाठवलेल्यांपैकी एक पत्नी सेचेलेपासून गरोदर असल्याचे उघड झाले आणि लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीतून, वगळले.

लिव्हिंग्स्टनचे लक्ष त्यानंतर उत्तरेकडच्या वाटांकडे वळले. १८५२ मध्ये बोअरांनी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, बक्वेनांवर हल्ला केला, मुले पळवून नेली आणि कोलोबेंगचे लिव्हिंग्स्टनचे रिकामे घर लुटून पुस्तके फाडून टाकली. दाद मागण्यासाठी सेचेले थेट राणी व्हिक्टोरियाला भेटायला निघाला, पण पैशाअभावी दक्षिणेकडच्या ब्रिटिश केप वसाहतीतूनच परतला आणि आपल्या लोकांना स्वतःच वाचन व प्रार्थना शिकवू लागला. तो आपणहून स्वजनांचा मिशनरी झाला आहे, अशी नोंद लिव्हिंग्स्टननेच केली आहे. पुढे तिथे आलेल्या युरोपीय प्रचारकांना हा प्रमुख अडचणीचा वाटे. बायबल त्याला त्यांच्याइतकेच ठाऊक होते आणि पाऊस पाडण्याचे विधी त्याने पुन्हा सुरू केले होते. १८९२ मध्ये मरण येईपर्यंत या दोहोंपैकी एकही त्याने सोडले नाही.