फाईलीतली तारीख

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'सरकारी साहाय्याची भाड्याची घरे : व्यवस्थापकांसाठी नियमपालन' असा छापलेला आहे. इतका रुक्ष विषय ऐकायला इतकी माणसे आली, त्याअर्थी आपल्यापैकी बहुतेकांकडे यंदा तपासणी आहे, असे मी समजतो. तेव्हा हड, म्हणजे अमेरिकेचे गृहनिर्माण खाते, काय करते, आणि सेक्शन ८, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकारने देण्याची योजना, कशी चालते, हे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. तीन भाग करण्याचा माझा विचार आहे : पहिल्यात वार्षिक रीसर्टिफिकेशन, म्हणजे भाडेकरूच्या मिळकतीची दरवर्षीची फेरतपासणी, दुसऱ्यात टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे करसवलतीच्या बदल्यात कमी भाड्याने दिलेल्या, इमारती, आणि तिसऱ्यात, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, एकाच इमारतीला हे दोन्ही कायदे लागू असले म्हणजे व्यवस्थापकाने काय करावे. पहिला भाग लांबतो, असे यापूर्वी ज्यांनी मला ऐकले आहे ते सांगतील; त्यांच्याकडे आज लक्ष देऊ नये.

माझे एक जुने म्हणणे आहे, आणि ते कोणी ऐकून घेत नाही म्हणून मी आज ते आपल्यापुढे मांडत आहे. भाडेकरूच्या फाईलीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मिळकतीचा आकडा, असे आपण नव्या माणसाला शिकवतो. ते चूक आहे. आकड्यापेक्षा तारीख मोठी. आकडा चुकला तर तो दुरुस्त करता येतो, फॉर्म ५००५९, म्हणजे मिळकतीचे आणि भाड्याचे प्रमाणपत्र, नव्याने काढता येतो, पुढच्या व्हाउचरमध्ये, म्हणजे सबसिडीच्या बिलात, वजावट होते आणि प्रकरण मिटते; पण तारीखच नसेल, तर चूक नेमकी कोणाची हेच ठरवता येत नाही, आणि ते ठरले नाही तर पैसे कोणी भरायचे हेही ठरत नाही.

याचे कारण नियमाच्या रचनेतच आहे. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीने सार्वजनिक घरांतील भाडे कुटुंबाच्या मिळकतीच्या २५ टक्क्यांवर रोखले गेले, १९७४ मध्ये सेक्शन ८ आले, आणि १९८१ मध्ये ते प्रमाण ३० टक्के झाले. म्हणजे भाडे ठरते ते घर पाहून नव्हे, माणूस पाहून. हडच्या ज्या हँडबुक ४३५०.३ वर आपण सगळे वाढलो, त्यात वार्षिक मिळकत म्हणजे प्रमाणपत्र लागू होण्याच्या दिवसापासून पुढच्या बारा महिन्यांत येईल असा अंदाज असलेली रक्कम. हा अंदाज आहे, आणि अंदाजाची खरीखोटी परीक्षा एकाच प्रश्नाने होते : तो केला त्या दिवशी तुम्हाला काय ठाऊक होते? २०१६ च्या हॉटमा या गृहनिर्माणविषयक कायद्याने आणि त्याखाली २०२३ मध्ये आलेल्या अंतिम नियमाने वार्षिक रीसर्टिफिकेशनपुरती ही नजर मागच्या बारा महिन्यांकडे वळवली. नव्या भाडेकरूसाठी मात्र अजूनही पुढेच पाहायचे असते. भविष्य सांगणारा ज्योतिषी निदान कुंडलीवर वेळ लिहितो. आपण तेवढेही करत नाही.

हे मला ज्या प्रसंगाने शिकवले तो सांगतो. दोन मिनिटांत सांगतो, असे म्हणणार होतो, पण खोटे बोलणे या व्यवसायात महाग पडते.

मी नवा होतो. वृद्धांसाठीची इमारत होती, दर महिन्याला सबसिडी येत असे, आणि वीजबिल भाडेकरूंनी स्वतः भरायचे असल्यामुळे त्यांच्या भाड्यातून युटिलिटी अलाउन्स, म्हणजे विजेच्या खर्चाची ठरलेली रक्कम, वजा होत असे. तिसऱ्या मजल्यावर एक विधवा बाई राहत. वागण्यात अत्यंत काटेकोर. डॉक्टरांच्या पावत्या महिन्यावार टाचून आणणाऱ्या. रीसर्टिफिकेशनच्या मुलाखतीत मी छापील प्रश्न विचारला की, घराबाहेरची कोणी व्यक्ती तुम्हाला नियमित पैसे देते का. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, कोणाकडून पैसे घेण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मी 'नाही'वर खूण केली. मग उठता उठता त्या कौतुकाने म्हणाल्या, मुलगा चांगला आहे हो, विजेचे बिल तो परस्पर भरून टाकतो, मला कळतसुद्धा नाही.

आपल्यापैकी काही जण हसले, त्याअर्थी त्यांनी हँडबुकाचे प्रकरण पाच वाचलेले आहे. घराबाहेरच्या व्यक्तीने नियमितपणे दिलेली मदत मिळकतीत धरायची, आणि भाडेकरूच्या वतीने परस्पर भरलेली बिलेही त्यातच येतात. बाई खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने मुलाने बिल भरणे म्हणजे मुलाने आईकडे पाहणे. त्याला पैसे घेणे म्हणत नाहीत. छापील प्रश्न आणि माणसाची समजूत यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात आपली निम्मी फाइंडिंग्ज, म्हणजे तपासणीत निघणाऱ्या चुका, पडलेली असतात, असे माझे मत आहे. म्हणून मी पुढे त्या प्रश्नाला एक शेपूट जोडले : 'किंवा तुमचे एखादे बिल दुसरे कोणी भरते का?' या शेपटाने माझी पुढची बरीच वर्षे वाचवली.

पण त्या दिवशी मी काय केले? एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिले : 'मुलगा वीजबिल भरतो, सरासरी ६० डॉलर.' चिठ्ठी फाईलीत ठेवली, हिशेब करताना ती पाहायची विसरलो, आणि तिच्यावर तारीख घातली नाही.

सात महिन्यांनी तपासणी झाली. कोणाची, ते सांगत नाही. ते गृहस्थ आपले काम चोख करत होते, फक्त ते करताना हसू नये अशी त्यांची श्रद्धा असावी. त्यांनी चिठ्ठी दोन बोटांनी उचलली आणि विचारले, हे कधीचे? मी म्हणालो, मुलाखतीच्या दिवशीचे. ते म्हणाले, तसे येथे लिहिलेले नाही.

आता त्या एका चिठ्ठीतून तीन निकाल कसे निघतात ते पाहा. समजा, मुलगा आधीपासूनच बिल भरत होता आणि बाईंनी ते सह्या होण्यापूर्वी मला सांगितले. मग चूक माझी, म्हणजे मालकाची. केवळ मालकाच्या हिशेबातील चुकीमुळे कमी आकारले गेलेले भाडे भाडेकरूकडून वसूल करता येत नाही, आणि जास्त घेतलेली सबसिडी मात्र सरकारला परत करावी लागते. समजा, तो आधीपासून भरत होता आणि बाईंनी ते तेव्हा सांगितलेच नाही. मग फरक बाईंनी द्यायचा, आणि वर त्यांच्या नावापुढे माहिती लपवल्याचा शेरा. समजा, त्याने बिल भरणे प्रमाणपत्र लागू झाल्यानंतर सुरू केले. मग कोणीच काही देणे लागत नाही, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे मिळकतीतील एकूण वाढ महिन्याला २०० डॉलरपर्यंत पोचली तरच ती मध्येच कळवायची होती, आणि ही तर ६० ची. आकडा तिन्ही ठिकाणी तोच. फरक फक्त तारखेचा.

रक्कम किती होती, हे विचाराल तर सांगायला संकोच वाटतो. वर्षाला ७२० डॉलर, म्हणजे ३० टक्क्यांनी महिन्याला १८. पण येथे एक गंमत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाईंना औषधोपचाराच्या खर्चाची वजावट मिळत होती, आणि तेव्हा ती वार्षिक मिळकतीच्या ३ टक्क्यांपलीकडील खर्चालाच मिळत असे. मिळकत ७२० ने वाढली की ३ टक्क्यांची ती पायरीही २१ डॉलर ६० सेंटनी वर गेली, वजावट तेवढीच घटली, आणि भाड्यातील फरक १८ चा १८.५४ झाला. पूर्णांकात तो १९ आला. सात महिन्यांचे १३३ डॉलर. या १३३ डॉलरसाठी मी जितकी पत्रे लिहिली तितकी मी लग्न ठरताना लिहिली नव्हती.

माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने कानात सांगितले, चिठ्ठीवर मुलाखतीची तारीख आता घालून टाक, ती खरीच तर आहे. मोह झाला होता, हे मी कबूल करतो. तारीख खरी होती, पण ती त्या दिवशी लिहिली गेली असा देखावा खोटा ठरला असता. मागची तारीख घातलेला एक कागद सापडला की तपासनीस उरलेल्या सगळ्या फाईली त्याच डोळ्यांनी वाचतो. मी चिठ्ठीला हात लावला नाही. वेगळ्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालून, 'उशिरा केलेली नोंद' असा मथळा देऊन, मला जे आठवत होते ते लिहिले आणि खाली सही केली. चूक मालकाची धरली गेली, पैसे मालकाने परत केले, आणि माझ्या वार्षिक मूल्यमापनात त्याचा उल्लेख सविस्तर झाला.

बाईंना मी दुरुस्त हिशेब समजावून सांगितला, आणि नियमाप्रमाणे तीस दिवसांची सूचना देऊन त्यांचे पुढचे भाडे वाढवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मुलाने बिल न भरता तेवढ्याच पैशांचे दूध-पाव आणि फळे आणून दिली तर? मी हँडबुक उघडले. त्याच परिच्छेदाखाली लिहिले होते की, बाहेरच्या व्यक्तीने आणून दिलेला किराणा मिळकतीत धरायचा नाही. पुढच्या महिन्यापासून बाई आपले बिल स्वतः भरू लागल्या आणि मुलगा दर शनिवारी पिशव्या घेऊन येऊ लागला. मी त्यांना पळवाट शिकवली का, असे मला एकदा विचारण्यात आले होते. नियम वाचून दाखवणे ही पळवाट असेल, तर तो छापणाऱ्यांनी विचार करायला हवा होता. हॉटमानंतर या कलमांची भाषा बदलली आहे, तेव्हा माझ्या भरवशावर आज कोणाला किराणा आणायला सांगू नका. चालू नियम पाहा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. तीन भागांपैकी पहिल्यातच आपण आहोत. ठीक आहे, वेग वाढवतो.

रीसर्टिफिकेशनची सूचना वर्षपूर्तीच्या १२० दिवस आधी, दुसरी ९० दिवस आधी, तिसरी ६० दिवस आधी; आणि भाडेकरूने माहिती देण्याची मुदत अकराव्या महिन्याची १० तारीख. प्रत फाईलीत, पाठवल्याचा दिवस प्रतीवर. तिसरी सूचना दिल्याचे सिद्ध करता आले नाही, तर सबसिडी बंद करून बाजारभावाने भाडे लावण्याचा तुमचा अधिकार कागदावरच राहतो. बाकीचे आपण जाणता.

टॅक्स क्रेडिट. १९८६ च्या करसुधारणा कायद्यातील कलम ४२. येथे हड नाही, आयआरएस, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय करवसुली संस्था, आहे, आणि तिच्या वतीने राज्याची गृहनिर्माण संस्था पाहणी करते. भाडे येथे कुटुंबाच्या मिळकतीवरून ठरत नाही. त्या भागासाठी ठरलेल्या मिळकतमर्यादेवरून ठरते, त्यामुळे मिळकत घटली म्हणून भाडे घटत नाही, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगावे. प्रमाणपत्रावरील सही राहायला येण्याच्या दिवसापर्यंत झालीच पाहिजे. नंतरची सही म्हणजे तोवर ते घर अनुपालनाबाहेर. कुटुंबाची मिळकत मर्यादेच्या १४० टक्क्यांवर गेली, तर त्यांना काढायचे नसते, पुढचे रिकामे घर पात्र कुटुंबाला द्यायचे असते. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असलेले कुटुंब अपवादात बसत नसेल, तर पात्र नाही. पालनाची मुदत १५ वर्षे, आणि विस्तारित वापराच्या करारासह किमान ३०. चूक आढळली की राज्य संस्था फॉर्म ८८२३ आयआरएसकडे पाठवते, तुम्ही ती दुरुस्त केली असली तरीही. म्हणून दुरुस्तीच्या तारखेचा पुरावा जवळ हवा.

आता तिसरा भाग, ज्यासाठी खरे तर मी आलो होतो. एकाच इमारतीला दोन्ही कायदे असतील, तर एकच मुलाखत घ्या, पण फाईली दोन ठेवा. ईआयव्हीतून, म्हणजे हडच्या मिळकत-पडताळ्याच्या संगणकीय यंत्रणेतून, निघणारी मिळकतीची माहिती हडच्या कामासाठीच आहे. टॅक्स क्रेडिटच्या तपासनिसाला ती दाखवता येत नाही. एकाच फाईलीत सगळे कोंबले, की एका तपासनिसाला फाईल देणे हाच दुसऱ्या नियमाचा भंग होतो. मिळकतीचा पडताळा १२० दिवसांहून जुना झाला, तर तो नव्याने घ्यायचा. भाडेवाढीच्या बाबतीत दोन नियम भांडले, तर जो अधिक कडक असेल तो पाळायचा. यावर माझ्याकडे अर्ध्या तासाचे टिपण होते.

उरलेली दोन मिनिटे दुरुस्त्यांना आणि भाडेकरूंच्या संरक्षणाला. एनस्पायर, म्हणजे घरांच्या स्थितीच्या हडच्या तपासणीत, जिवाला धोका असलेला दोष २४ तासांत काढायचा, मध्यम दोष ३० दिवसांत. गवंडी कधी आला याची नोंद त्याच्याच सहीने घ्या. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण मागणाऱ्या भाडेकरूकडे तुम्ही लेखी कागद मागितला, तर तो देण्यासाठी कामकाजाचे १४ दिवस द्यावे लागतात. आणि तो कागद सर्वांच्या हाती लागणाऱ्या फाईलीत ठेवायचा नसतो.

एकच जागा अशी आहे की जिथे नियम दिवस मोजून देत नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली आणि फेअर हाउसिंग कायद्याखाली अपंग भाडेकरू सोय मागतो, कोणी दाराशी आधारदांडा, कोणी साथीचा कुत्रा, कोणी तळमजल्यावरची बदली. मागणी तोंडी असली तरी ती मागणीच असते. उत्तर विनाविलंब द्या, एवढेच म्हटलेले आहे, आणि विलंब म्हणजे किती, हे तक्रार झाल्यावर दुसरेच कोणी ठरवते. म्हणून मी माझ्या कचेरीत त्यासाठी एक वेगळी वही ठेवली आहे. मागणी जिन्यात झालेली असो की पार्किंगमध्ये, कचेरीत परतल्यावर पहिला रकाना तारखेचा भरायचा, दुसरा वेळेचा, आणि मगच मागणी काय होती ते लिहायचे. ती वही मी आज बरोबर आणली आहे, नावे झाकून. चहाच्या वेळी ज्यांना रकाने उतरवून घ्यायचे असतील त्यांनी मागच्या टेबलापाशी यावे.